जगभरातल्या माजी सैनिकांना खुलं पत्र : आभार वेळेत पोचावेत म्हणून

सगळ्या देशांच्या, सगळ्या पिढ्यांच्या माजी सैनिकांनो,

सादर नमस्कार, वि. वि.

तुम्ही कुठल्या देशाच्या फौजेत होतात, कुठल्या साली भरती झालात, तुमची बाजू जिंकली की हरली, यातलं काहीच मी विचारणार नाहीये. दुसऱ्या महायुद्धातले शंभरीच्या आसपास पोचलेले जे थोडे उरलेत ते, कोरियातून परतलेले, १९६५ आणि १९७१ वाले, व्हिएतनाममधले दोन्ही बाजूंचे, फॉकलंडवाले, कारगिलवाले, इराक-अफगाणिस्तान करून आलेले, आणि आता युक्रेनच्या आघाडीवरून हातपाय गमावून घरी आलेली विशी-पंचविशीतली पोरं, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मी स्वतः कधी युनिफॉर्म घातलेला नाही, युद्ध मला माहितीये ते वाचून आणि टीव्हीवर बघून, त्यामुळे तुम्ही काय सोसलं ते मला कळतं असं म्हणायचा मला हक्क नाही. मला फक्त थँक्यू म्हणायचंय. आणि ते आत्ताच म्हणायचंय, कारण या विषयावर जितकं वाचत गेले तितकं एकच दिसत गेलं, की सैनिकांचे आभार मानायला जग कायम उशीर करतं. दोन-चार वर्षांचा नाही हो, पन्नास-पन्नास, नव्वद-नव्वद वर्षांचा. माणूस गेल्यावर, त्याची बायको गेल्यावर, कधीकधी मुलंसुद्धा म्हातारी झाल्यावर.

हॅरी फार नावाचा एक ब्रिटिश सैनिक होता, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेला. तोफांच्या माऱ्याने मन पार खचलं म्हणून त्याला काही महिने हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, शेल शॉक म्हणायचे तेव्हा. नंतर परत आघाडीवर पाठवलं, आणि एक दिवस त्याला पुढे जाणं जमेचना. कोर्ट मार्शल झालं आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या, भित्रेपणाचा गुन्हा म्हणून. वय २५. बायकोची पेन्शन गेली, घरात लहान मुलगी, आणि लाजेपायी त्या बाईने कित्येक वर्षं नवरा कसा गेला ते कुणाला सांगितलं नाही. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्यासकट अशा ३०६ सैनिकांना माफी दिली तेव्हा ती लहान मुलगी ९३ वर्षांची झाली होती. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं वाचूच शकले नाही. माफी मिळाली हे चांगलंच झालं, पण ज्याला ती हवी होती तो कुठे होता ऐकायला?

पैशाच्या बाबतीत तर आणखी वाईट. आभाराच्या पत्रात पेन्शनचं बोलू नये असं काहींना वाटेल, मला नाही वाटत, कारण ज्याला औषधाला पैसे नाहीत त्याला नुसत्या सलामीने काय होणार. दुसऱ्या महायुद्धात अडीच लाखांवर फिलिपिनो माणसं अमेरिकेच्या झेंड्याखाली जपान्यांशी लढली, युद्धानंतर अमेरिकन सैनिकांसारख्याच सवलती मिळतील अशा भरवशावर, आणि १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक कायदा करून त्यातल्या बहुतेकांच्या बहुतेक सवलती काढून घेतल्या. एकरकमी पैसे मिळाले ते २००९ मध्ये, अमेरिकन नागरिक झालेल्यांना १५ हजार डॉलर आणि बाकीच्यांना ९ हजार. तोवर ६३ वर्षं गेली होती, आणि बहुतेक हकदारही. आणि सेनेगलमधलं थियारोय. फ्रान्ससाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकन सैनिक डाकारजवळच्या त्या छावणीत आपला थकलेला पगार मागत होते. फक्त पगार. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच सैन्यानेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि ते हत्याकांड होतं हे फ्रेंच अध्यक्षांनी मान्य केलं २०२४ मध्ये, ऐंशी वर्षांनी. अमेरिकेत १९३२ मध्ये बोनस मागायला वॉशिंग्टनला आलेल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना त्यांच्याच सैन्याने रणगाडे आणि अश्रुधूर लावून हाकललं. दिल्लीत जंतर मंतरवर २०१५ मध्ये छातीवर मेडल लावलेले म्हातारे फौजी वन रँक वन पेन्शनसाठी धरणं धरून बसलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. देश वेगळे, काळ वेगळा, आणि तुम्हाला जे मिळायला हवं होतं ते मागायला रस्त्यावर यावं लागलं हे मात्र सगळीकडे तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. तुमचे आभार मानणं म्हणजे युद्धाचे आभार मानणं नाही. युद्ध करायचं की नाही हे तुम्ही ठरवलं नव्हतंत, ते ठरवणारे बहुतेक वेळा आघाडीपासून फार लांब बसलेले असतात. आणि युनिफॉर्म घातला म्हणून केलेलं सगळं माफ, असंही मला म्हणायचं नाही, कारण सैनिकांनी निरपराध माणसं मारल्याच्या हकिगतीही इतिहासात भरपूर आहेत. पण त्यातल्याच एका हकिगतीत ह्यू थॉम्पसन भेटतो. अमेरिकन हेलिकॉप्टर पायलट, व्हिएतनाममधलं माय लाय गाव, १६ मार्च १९६८. खाली आपलेच सैनिक गावकऱ्यांना मारतायत हे वरून दिसल्यावर त्याने हेलिकॉप्टर थेट गावकरी आणि सैनिक यांच्या मधोमध उतरवलं, आपल्या साथीदारांना सांगितलं की आपल्याच लोकांनी गोळीबार केला तर त्यांच्यावर गोळ्या चालवा, आणि जमतील तेवढी माणसं बाहेर काढली. घरी परतल्यावर त्याला शाबासकी मिळाली नाही, जिवे मारायच्या धमक्या आल्या. या धाडसाचं सोल्जर्स मेडल दिलं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी, आणि त्याच्या बरोबरचा ग्लेन अँड्रियोटा तर त्या घटनेनंतर महिन्याभरातच युद्धात गेला होता.

आणि स्तानिस्लाव पेत्रोव्ह. याला तर आपण सगळेच लागतो, हे पत्र वाचणारा प्रत्येक माणूस. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत सैन्यातला हा लेफ्टनंट कर्नल मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये ड्यूटीवर होता आणि कॉम्प्युटर सांगायला लागला की अमेरिकेने अण्वस्त्रं सोडलीत. हल्ला खरा आहे असं त्याने वर कळवलं असतं तर काय झालं असतं याचा विचारसुद्धा नको वाटतो. त्याने मान्यच केलं नाही. पाचच मिसाइल घेऊन कुणी महायुद्ध सुरू करत नाही, हा अलार्म खोटा आहे, असं ठरवून त्याने वर तसंच कळवलं, आणि अलार्म खोटाच निघाला. त्याबद्दल त्याला बढती वगैरे काही मिळाली नाही, उलट त्या वेळी लॉगबुक का भरलं नाही म्हणून बोलणी बसली. जगाला हे कळायलाच कितीतरी वर्षं गेली. २०१७ मध्ये तो वारला तेव्हाही ती बातमी बाहेर पडायला चार महिने लागले. एक गोळी न झाडता अख्ख्या जगावर उपकार करून गेलेला माजी सैनिक, आणि त्याचं नाव शाळेतल्या कुठल्या पुस्तकात मला तरी सापडलेलं नाही.

आता जे सांगायचंय ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. तुम्ही सीमा राखलीत हे सगळेच म्हणतात. पण आज एखाद्या साध्या माणसाचा अपघात झाला आणि तो वाचला तर त्यातसुद्धा तुमच्या जखमांचा वाटा असतो. रक्त आधीच काढून, बर्फात साठवून, लागेल तेव्हा चढवायचं हे १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर डॉक्टर ऑस्वल्ड रॉबर्टसनने जखमी सैनिकांवर करून दाखवलं, आज ज्याला आपण ब्लड बँक म्हणतो त्याची सुरुवात तिथली. अनेक जखमी एकदम आले की कुणाला आधी घ्यायचं हे हुद्दा बघून नाही तर जखम बघून ठरवायचं, ही पद्धत नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या सर्जनने बसवली, आज प्रत्येक इमर्जन्सी विभागात तेच चालतं. प्लास्टिक सर्जरीचं तर काय सांगू. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी तोंडावर, जबडा गेला, नाक गेलं, अशा पाच हजारांवर सैनिकांवर हॅरोल्ड गिलीज आणि त्याच्या टीमने इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं केली, काहींची तर दहा-दहा, वीस-वीस, आणि आज भाजलेल्या माणसाला, अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलीला जो चेहरा परत मिळतो त्याचं शास्त्र त्या पोरांच्या चेहऱ्यांवर तयार झालं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की आमच्या पुढच्या शंभर वर्षांसाठी एवढं सोसाल का. त्यांनी सोसलं.

मणक्याला मार लागलेल्यांचं तसंच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असा पेशंट म्हणजे फार जगणार नाही असंच धरून चालायचे, डॉक्टरही फारसे हात घालायचे नाहीत. नाझींच्या जाचाला कंटाळून जर्मनीतून पळालेला ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन, याने इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात ते मानलं नाही. त्याने व्हीलचेअरवरच्या सैनिकांना खेळायला लावलं, आणि २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, १६ जखमी सैनिकांची, त्यात दोन बायका, तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिक तिथून निघालं. आणि त्याच वाटेने पुढे १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला आपले मुरलीकांत पेटकर पोहले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला भारतीय जवान, मूळचा बॉक्सर, पण पायांनी साथ सोडल्यावर पाण्यात उतरला आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड करून भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पेटकर साहेब ती घ्यायला होते हे आपलं नशीब, पण ४६ वर्षं?

मनाच्या जखमांचंही तुमचंच देणं आहे. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, हा शब्द आता सगळे वापरतात, पण अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो आला १९८० मध्ये, आणि तो यावा म्हणून ज्यांनी रेटा लावला त्यात व्हिएतनामहून परतलेले सैनिक पुढे होते. झोप लागत नाही, फटाक्याचा आवाज आला की अंग थरथरतं, बायकामुलांवर विनाकारण ओरडायला होतं, हे त्यांनी आधी आपापसात गटागटाने बसून बोलून काढलं आणि मग डॉक्टरांना ऐकायला लावलं. आज भूकंपातून, आगीतून, अत्याचारातून वाचलेल्या कुणाला डॉक्टर सांगतो की हा आजार आहे, तुझा दोष नाही, तेव्हा त्यामागे तुमच्यातल्या त्या लोकांचं धाडस आहे, कारण पुरुषासारखा पुरुष आणि त्यात फौजी, त्याने मला भीती वाटते असं म्हणणं आजही सोपं नाही, तेव्हा तर नव्हतंच. हॅरी फारला हे म्हणायची सोय नव्हती. तुमच्यामुळे पुढच्यांना झाली.

ज्यांची नावंच कुठे लागली नाहीत त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातून १३ लाखांच्या आसपास माणसं गेली, ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत, पुढच्या महायुद्धात तर २५ लाख. ब्रिटिश साम्राज्यातल्या युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या आयोगानेच २०२१ मध्ये कबूल केलं आणि माफी मागितली, की पहिल्या महायुद्धातल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या लोकांची, नावं कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत, आणि हा आकडा कितीतरी मोठाही असू शकतो. गोऱ्या सैनिकाला नावाचा दगड आणि हमालाला, खेचरवाल्याला काहीच नाही. सोव्हिएत सैन्यात आठ लाखांच्या आसपास बायका होत्या, त्यातल्या एका रेजिमेंटच्या पोरी लाकडाच्या आणि कापडाच्या साध्या विमानांतून रात्री बॉम्ब टाकायच्या, एकेका रात्रीत कितीदा तरी जाऊन यायच्या, जर्मन त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे. आणि युद्ध संपल्यावर अशा कितीतरी जणींनी आपण आघाडीवर होतो हेच लपवलं, कारण लोक नको ते बोलायचे, लग्नं जमायची नाहीत. आजी, तुमच्यातली कुणी अजून असेल आणि कुणी हे वाचून दाखवलं तर ऐका, तुम्ही जे केलंत त्याची आम्हाला लाज नाही, अभिमान आहे.

असं नाही की जगात कुणालाच जाण नाही. नेदरलँड्समध्ये मारग्रातेनला अमेरिकन सैनिकांच्या आठ हजारांवर कबरी आहेत आणि एकूण एक कबर कुठल्या ना कुठल्या डच कुटुंबाने दत्तक घेतलीय, आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे, आणि नवीन कुणाला घ्यायची असेल तर वेटिंग लिस्ट आहे. बेल्जियममध्ये इपरच्या मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाखाली १९२८ पासून, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन ताब्याची वर्षं सोडली तर, रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो, त्या भिंतींवर भारतीय नावंही आहेत. इटलीत मोंतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगेंचं स्मारक केलं, १० जुलै १९४४ ला ते त्या भागात एकटे मशीनगनच्या चौकीवर तुटून पडले आणि तिथेच गेले, वय बावीस. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे दक्षिण कोरिया. २०२० मध्ये कोरोनात मास्क मिळत नव्हते तेव्हा त्या देशाने १० लाख मास्क कोरियन युद्धातल्या २२ देशांच्या माजी सैनिकांसाठी पाठवले. त्यात भारतही होता, आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तुकडी, तिथे गेली होती ना, हजारो जखमी सांभाळले त्यांनी. युद्ध थांबून ६७ वर्षं झालेली, आणि ही म्हातारी माणसं आता धोक्यात आहेत हे कुणाच्यातरी लक्षात आलं आणि त्यांनी हातात उपयोगाची वस्तू ठेवली. आभार मानावेत तर असे.

एकमेकांशी लढलेल्यांनी एकमेकांना जे दिलं ते तर आमच्यासारख्यांना सुचलंही नसतं. हॅरी पॅच, खंदकात लढलेला शेवटचा ब्रिटिश, वयाच्या शंभरीपर्यंत युद्धाबद्दल कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. २००४ मध्ये, १०६ वर्षांचा असताना, तो इपरला गेला आणि तिथे चार्ल्स कुन्झला भेटला, जर्मनांच्या बाजूने त्याच आघाडीवर लढलेला, १०७ वर्षांचा. दोघांनी एकमेकांसाठी आपापल्या गावची भेट नेली होती, एकाने बिस्किटं, एकाने सायडरची बाटली. आणि लाझार पाँतिचेल्ली, जन्माने इटालियन, वय खोटं सांगून आधी फ्रान्ससाठी लढला, मग इटलीने बोलावलं म्हणून इटलीसाठी. पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा शेवटचा सैनिक तोच राहिला तेव्हा सरकारने त्याला शासकीय इतमामात निरोप द्यायचं ठरवलं, तर तो आधी नाहीच म्हणाला, एवढी माणसं अशीच मेली त्यांना काय मिळालं म्हणून. शेवटी साधा कार्यक्रम आणि तो सगळ्या मृतांच्या नावाने, या अटीवर कबूल झाला. २००८ मध्ये गेला, ११० वर्षांचा होऊन.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती जरा व्यवहाराची आहे. तुमच्यातले पुष्कळ जण आपलं हक्काचं मागतच नाहीत. माझ्यापेक्षा जास्त लागलेले आहेत, त्यांना मिळू दे, मी तर परत आलो, असं म्हणून फॉर्मच भरत नाहीत. तोफांनी कान गेलेत, गुडघे गेलेत, रात्रीची झोप गेलीय, आणि तरी डॉक्टरसमोर सगळं ठीक आहे म्हणता. कृपा करून असं करू नका. तुम्ही कमी घेतल्याने दुसऱ्याला जास्त मिळत नाही, उलट सरकारी कागदावर तुमचा त्रास नोंदलाच गेला नाही तर पुढच्या पोराला तोच त्रास घेऊन गेल्यावर ऐकावं लागतं की असं काही नसतंच. अणुचाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या ब्रिटिश सैनिकांना आपलं म्हणणं ऐकवायला किती वर्षं लागली बघा, साधं मेडल जाहीर झालं ते २०२२ मध्ये, पहिल्या चाचणीनंतर सत्तर वर्षांनी, आणि तेही ते गप्प बसले नाहीत म्हणून. तेव्हा फॉर्म भरा, अपील करा, डिस्चार्जचे कागद सापडत नसतील तर नातवंडांना कामाला लावा, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. आणि घरात कुणी विचारलं की तिकडे काय झालं होतं, तर जमेल तेवढं सांगा, जमत नसेल तर नका सांगू, पण विचारणाऱ्याला हाकलू नका, तो उशीर होऊ नये म्हणूनच विचारतोय.

कळावे, लोभ असावा.

तुमची ऋणी,
एक सामान्य नागरिक